लाट मंद आहे की वाट बंद? पोट आणि लघवीच्या तक्रारी घरी कशा ओळखाव्यात, कशा हाताळाव्यात

सकाळी पोट साफ होत नाही म्हणून रात्री चूर्ण घेणारे लोक घरोघरी असतात. कमरेत कळ आली की तांब्यावर तांब्या पाणी पिणारेही असतात. दोघांच्या मनात एकच असतं: आत काहीतरी अडलंय, ते ढकलून बाहेर काढायचं. कधी हे निभावून जातं, कधी चांगलंच अंगाशी येतं.

घास गिळल्यापासून शौचापर्यंत, आणि किडनीत लघवी तयार झाल्यापासून ती मूत्राशयात उतरेपर्यंत, आतला माल पुढे नेतात ते नळीच्या भिंतीतले स्नायू. मालाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, आणि हे आवळणं हळूहळू पुढे सरकत जातं. शाळेबाहेर मिळणारी बर्फाची पेप्सी आपण खालून चिमटत वर आणतो, तसंच. पुस्तकात याला क्रमाकुंचन म्हणतात. आपण साधं ‘लाट’ म्हणू. मेंदूकडून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतड्याची लाट चालूच राहते, हे लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये दाखवलं. आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं. म्हणून मनात आणून किंवा जोर करून लाट उठवता येत नाही. तिला वेळ देणं, तिला नेता येईल असा मऊ माल देणं, आणि रस्ताच बंद असेल तेव्हा मागून न ढकलणं, एवढंच आपल्या हातात आहे.

पायरी १: आधी ओळखा

औषधाच्या डब्याला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा: वारा सरतोय का?

लाट मंद असेल तर त्रास दिवसादिवसाने वाढत जातो. पोट जड वाटतं, शौचाला कडक होतं, पण गॅस सुटत असतो आणि थोडंफार खाल्लं जातं. वाट बंद असेल तर चित्र वेगळं असतं. पोटात मुरडा येतो, काही मिनिटांत ओसरतो, पुन्हा येतो. अडथळ्यावर धडकणारी ती प्रत्येक लाट असते. पोट ताणून फुगतं, शौच आणि वारा दोन्ही थांबतात, उलट्या सुरू होतात. आधी खाल्लेलं पडतं, मग हिरवं-पिवळं पित्त. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आतल्या चिकटलेल्या पट्ट्यांमुळे असं होऊ शकतं. जांघेत किंवा बेंबीपाशी हर्नियाची गाठ असेल तर ती लगेच हाताने बघा. एरवी आत जाणारी गाठ कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना, तर कारण तिथेच सापडलं.

अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नका. एरंडेल, चूर्ण, काहीच नाही; खालून एनिमाही नाही. बंद नळीत मागून जोर लावला तर आतडं फाटू शकतं. येऊन-जाऊन असणारं दुखणं एकसारखं सलग झालं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची शक्यता असते, मग मिनिटंही मोलाची. ठाणे-नवी मुंबईत असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय किंवा घराजवळचं, जिथे शस्त्रक्रिया होते असं कोणतंही रुग्णालय गाठा. घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्यांनी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणूच नये. सकाळी निघालात तर कोंडीत अडकाल.

वाट बंद नाही याची खात्री झाली, तरच पुढच्या पायऱ्या.

पायरी २: सकाळची लाट चुकवू नका

मोठ्या आतड्यात माल पुढे लोटणारी जोरकस लाट दिवसातून मोजक्याच वेळा येते. उठल्यानंतर आणि पोटात काही गेल्यानंतर ती येण्याची शक्यता सर्वात जास्त. ठाण्याहून पहाटेची फास्ट लोकल किंवा पनवेलची ट्रान्स-हार्बर पकडणाऱ्यांची नेमकी हीच वेळ फलाटावर जाते. कळ दाबली की मल परत मागे सरकतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कडक होतो. रोज असं केलं तर गुदाशयाला भरल्याची जाणीवच बोथट होते. आमच्या मते शहरातल्या बद्धकोष्ठाचं हे मोठं कारण आहे, आणि यावर गोळी नाही.

निघायच्या वेळेच्या किमान ४५ मिनिटं आधी उठा. एक पेला कोमट पाणी किंवा चहा घ्या आणि सोबत काहीतरी खा. पोळी, केळं, काहीही, पण पोट रिकामं नको. १५ ते २० मिनिटांनी शौचाला बसा. कळ नसली तरी बसा, पण ५ ते १० मिनिटंच, आणि मोबाइल बाहेर ठेवून. कमोड असेल तर पायाखाली साधारण २० सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कंबरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाका. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा असतो. आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसलो की तो मार्ग मुडपून ठेवतो, उकिडवे बसलो की सैल सोडतो. घरात भारतीय पद्धतीचं शौचकूप असेल तर नूतनीकरणाच्या भरात ते काढू नका. गुडघे साथ देत असतील तोवर त्याचा उपयोग आहे. हे रोज, सुटीच्या दिवशीही, दोन-तीन आठवडे केल्याशिवाय सवय लागत नाही.

जोर करताना गुदद्वार सैल पडण्याऐवजी उलट आवळलं जातं, असाही एक प्रकार असतो. पोटाला कळ असते, मल मऊ असतो, तरी बाहेर येत नाही, बोटाची मदत घ्यावी लागते. लोक हे सांगायला लाजतात आणि वर्षानुवर्षं रेचकं खातात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यात स्नायू सैल सोडायला शिकवणारी बायोफीडबॅक पद्धत औषधापेक्षा चांगली लागू पडते.

पायरी ३: लाटेला नेता येईल असा माल

ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीची डाळ, वाल, मटकी, पालेभाज्या, पेरू, पपई. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या बाजारात यातलं बहुतेक बारा महिने मिळतं. पण एकदम वाढवू नका. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर गॅसने हैराण व्हाल आणि सोडून द्याल.

इसबगोल घ्यायचा तर एक सपाट मोठा चमचा भुसा २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्या. वर आणखी एक पेला पाणी. थोड्या पाण्यात किंवा कोरडा घेतला तर तो फुगून अन्ननलिकेतच बसू शकतो. गिळायला त्रास असेल त्यांनी तो घेऊच नये. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, त्याच रात्री चमचे वाढवू नका. बाकीची औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

भुसा-भाजी वाढवून पोट आणखीच फुगत असेल तर लाटच फार मंद आहे, असं समजा. मग पाणी धरून ठेवणारी औषधं, लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिथावून ६ ते १२ तासांत काम करते, म्हणून रात्री घेतात. क्वचित घ्यायला हरकत नाही; मात्र महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका.

त्याआधी गोळ्यांचा डबा तपासा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, रक्तदाबाची व्हेरापामिल, काही मानसिक आजारांची औषधं, ही सगळी लाट मंदावतात. थायरॉइड कमी असणं आणि जुना मधुमेह ही दोन कारणं रक्त तपासल्यावर लगेच कळतात. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडलं किंवा वजन उतरलं तर घरगुती उपाय बंद करून कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा.

घास अडकतो, जेवण उतरत नाही

गिळलेला घास साधारण ८ ते १० सेकंदांत जठरात पोचतो. आधी भाकरी अडते आणि काही आठवड्यांनी वरणभातही अडायला लागतो, तेव्हा नळी अरुंद होत चालली आहे. लवकर एंडोस्कोपी हवी. सुरुवातीपासूनच पाणी आणि घास दोन्ही अडत असतील, रात्री आंबट नसलेलं, न पचलेलं अन्न उशीवर येत असेल, तर अन्ननलिकेची लाट बिघडून खालची झडप उघडत नसावी. या अॅकॅलेशियाला पित्ताच्या गोळ्यांनी काही होत नाही. निदान मॅनोमेट्रीने, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने होतं. तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू कापण्याची पोएम ही पद्धत जपानच्या हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये माणसांवर सुरू केली.

जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामं होतं: चार घासांत पोट भरतं, दुपारचं जेवण रात्री उलटून पडतं, इन्सुलिन आधी लागू होऊन साखर घसरते. थोडं थोडं, मऊ, कमी तेलाचं खावं. साखरेसाठी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं औषध चालू असेल तर ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

ऐरोली-महापेच्या उशिराच्या पाळीवाल्यांनी मुख्य जेवण ऑफिसातच संध्याकाळी उरकावं, घरी येऊन हलकं काही घ्यावं, शतपावली करावी आणि आडवं होण्याआधी दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

लघवीच्या नळीतली लाट आणि मुतखडा

किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. तिच्यातही मिनिटाला एक ते पाच लाटा येतात, म्हणून आडवं झोपलं तरी लघवी उतरते. ही नळी तीन ठिकाणी अरुंद आहे: किडनीतून निघताना, ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना, आणि मूत्राशयात शिरताना. खडा बहुधा यातल्याच एका ठिकाणी अडतो. मागे लघवी तुंबते, किडनीतला दाब वाढतो, आणि बरगडीखालून जांघेकडे जाणारी ती जीवघेणी कळ सुरू होते.

कळ चालू असताना तांब्याने पाणी पिऊ नका. अडलेल्या नळीच्या मागे आणखी लघवी तयार होते, दाब वाढतो, खडा त्याने हलत नाही. बिअरचंही तेच. तहानेपुरतं घोट घोट प्या, कमरेला गरम पिशवी लावा. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक इथे नुसत्या मुरड्याच्या गोळीपेक्षा चांगलं चालतं, कारण ते किडनीतला वाढता दाब कमी करतं. मात्र किडनीचा आजार, अल्सर, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते स्वतःहून घेऊ नका. त्यानंतर प्रत्येक लघवी सुती कापड लावलेल्या गाळणीतून गाळा. खडा मिळाला तर कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या. तो कशाचा बनलाय, यावर पुढचं पथ्य ठरतं.

५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक आपसूक पडतात, पण चार ते सहा आठवडे लागू शकतात. ५ ते १० मिलिमीटरचा खडा नळीच्या खालच्या टोकाला असेल तर नळी सैल करणारं टॅम्सुलोसिन देऊन बघतात. १० मिलिमीटरवरचा सहसा स्वतःहून येत नाही. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच किडनी असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर काही तासांत रक्तदाब कोसळतो.

इथे बरेच जण फसतात: कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं नाही. तुंबलेली किडनी काही दिवसांनी लघवी कमी बनवते, दुखणं विरतं आणि आत किडनी गप्प बसून खराब होत राहते. खडा हातात मिळाला नसेल तर सोनोग्राफी किंवा सीटी पुन्हा करा.

डीजे स्टेंट (लघवी उतरत राहावी म्हणून मूत्रवाहिनीत ठेवतात ती बारीक नळी) घातला असेल तर सारखी लघवी लागणं, लघवी करताना कमरेत कळ, दगदग झाल्यावर लघवीला गुलाबी रंग, हे बहुतेकांना होतं. स्टेंट असताना मूत्रवाहिनीची लाट मंदावते आणि लघवी उलटी वर चढते. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये गजर लावा, घरातल्या दुसऱ्या कुणालाही सांगा. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि एका साध्या दुर्बिणीच्या कामाची दोन-तीन ऑपरेशनं होतात.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एकदा २४ तासांची लघवी बाटलीत मोजून बघा. रबाळे-महाप्याच्या कारखान्यात मे महिन्यात घामानेच इतकं पाणी जातं की तीन लिटर पिऊनही ती कमी भरते. लिंबूपाणी चांगलं, पण त्यात मीठ घालू नका. दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या बायकांची अडचण खरी आहे. तरी दर तीन-चार तासांनी लघवीला जायचंच, असं ठरवून कामाच्या आणि प्रवासाच्या वाटेवरची बरी ठिकाणं हेरून ठेवा.

लहान मुलांसाठी

नवजात बाळाला ४८ तासांत पहिलं काळं शौच झालं नाही आणि पोट फुगलं, तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूच नसण्याची, हिर्शस्प्रुंग आजाराची शक्यता तपासतात. गर्भातल्या सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसली असेल तर जन्मानंतर किडनीची तपासणी चुकवू नका, बाळ कितीही हसरं-खेळतं दिसलं तरी. आणि तान्ह्या मुलाला सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर तो लघवीतल्या जंतूंचा असू शकतो; अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी लघवीचा नमुना घ्यायला सांगा.