शेंगदाण्यांनी मोजायचा इतिहास: मंडईतला एक पाठ

युरोपीय जहाजांनी जग कसं बदललं, हे नववीच्या मुलांना महात्मा फुले मंडईत छान दाखवता येतं. एका वेळी आठ-दहाच मुलं न्या, आणि रविवार टाळा. गाळ्यांपुढे घोळका झाला की विक्रेत्यांचा खोळंबा होतो.

बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची, दुधी, लाल भोपळ्याची फोड, सीताफळ, साबुदाणा, शेंगदाणे, थोडे मिरे आणि गूळ घ्या. वर्गात आल्यावर दोन टोपल्या मांडा: 1492 आधी, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचण्याआधी, इथे असलेलं आणि नंतर आलेलं. मुलांना आधी स्वतः वाटणी करू द्या, मध्ये बोलू नका.

चुका ठरलेल्या असतात. सीतेच्या नावामुळे सीताफळ जुन्या टोपलीत जातं. ते मूळचं अमेरिकेतलं. दुधी जुना, लाल भोपळा नवा, पण नाव एकच. वांगं टोमॅटोच्याच कुळातलं, तरी ते आपल्याकडचं. मिरे आणि मिरची शेजारी ठेवा: मिऱ्यांच्या शोधात पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला पोचले, त्यांच्यामागून मिरची आली आणि मिऱ्यांचंच नाव लावून बसली. एकादशीची खिचडी निघाली की वर्ग थक्क होतो. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं अमेरिकेतलं. जुनं म्हणाल तर जिरं आणि तूप.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि पाठ अर्धवट राहतो. आता गूळ हातात घ्या. ऊस उलट्या दिशेने गेला: आशियातून भूमध्य समुद्राकडे, तिथून अटलांटिक बेटांवर, मग ब्राझील आणि कॅरिबियनला. मूळ रहिवासी देवीसारख्या नव्या रोगांनी आणि सक्तीच्या कामाने मरत होते. मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून नेली.

जमिनीवर जगाचा मोठा नकाशा अंथरा. एक दाणा म्हणजे एक लाख माणसं. आफ्रिकेतून जहाजांवर चढवलेल्या सव्वा कोटी माणसांसाठी 125 शेंगदाणे घरूनच मोजून आणा. वर्गात मोजायला घेतले तर गोंधळ होतो आणि गांभीर्य जातं. ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ठेवा. मुलांनी एकेक दाणा बोटाने समुद्रावरून सरकवायचा, 107 पलीकडे पोचवायचे. उरलेले 18 समुद्रातच राहू द्या. ही माणसं वाटेत मेली. तास संपेपर्यंत ते दाणे कोणी उचलायचे नाहीत.