रिझॉल्व्ह डॉट कॉन्फला कुलूप लावलं तेव्हा

सपोर्टच्या नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. पुण्यातल्या खोलीवर उबुंटूचा लॅपटॉप, घरमालकांचं वाय-फाय आणि ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा खासगी बोगदा. व्हीपीएन जोडूनही ऑफिसचं तिकीट पोर्टल नावाने उघडेना. आयपी, म्हणजे त्याचा आकड्यांतला पत्ता, टाकला की लगेच उघडे. रस्ता ठीक होता, पत्ता विचारण्यात घोळ होता.

मी सरळ ईटीसीमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (/etc/resolv.conf) उघडली. नावाचा आयपी कोणत्या सर्व्हरला, म्हणजे डीएनएसला, विचारायचा ते या फाइलमध्ये असतं. वर ऑफिसचा डीएनएस, खाली गूगलचा ८.८.८.८. चाललं! रीबूट केलं, फाइल पुन्हा होती तशी. ती खरी फाइल नव्हतीच, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक होती. मग चिडून ती उडवली, साधी फाइल बनवली आणि कुणालाच बदलता येऊ नये म्हणून चॅटआर प्लस आय (chattr +i) मारून तिला कुलूपच लावलं.

संध्याकाळी व्हीपीएन बंद केला आणि प्रत्येक पान उघडायला पाच-पाच सेकंद. कारण वरचा सर्व्हर आता पोहोचण्यापलीकडे होता आणि जीलिबसी (glibc, प्रोग्रॅमांना नावं शोधून देणारी लिनक्सची लायब्ररी) त्याची ५ सेकंद वाट बघून मगच दुसऱ्याकडे वळते. म्हणून क्रम उलटा केला. आता पोर्टल पुन्हा गायब! हे कोडं सुटायला मला दोन दिवस लागले. गूगलने ‘असं नाव नाही’ म्हटलं, की ते रिझॉल्व्हरच्या, म्हणजे मशीनमधल्या नाव विचारणाऱ्या भागाच्या, लेखी पूर्ण उत्तर असतं. दुसऱ्या सर्व्हरला तो विचारतच नाही. दुसरी ओळ फक्त पहिला गप्प बसला किंवा बिघडला तरच कामाची.

टीममधल्या सीनिअर ताईंनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, “अरे, फाइलला काय विचारतोस? कनेक्शनला विचार.” कुलूप काढलं, सिमलिंक परत जोडली, प्रत्येक कनेक्शनचा डीएनएस दाखवणारी रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस (resolvectl status) ही कमांड चालवली. तिथे वाय-फाय आणि टन-झीरो (tun0, म्हणजे व्हीपीएनची लिंक) वेगवेगळे दिसतात. टन-झीरोखाली ऑफिसचा डीएनएस होता, पण डोमेनची ओळ नव्हती आणि डिफॉल्ट रूटच्या (‘बाकीची नावं इथे विचारा’ या खुणेच्या) आधी वजा चिन्ह. म्हणजे दुकान उघडं, पण गिऱ्हाईक तिकडे पाठवणारं कुणीच नाही. एनएमसीएलआय (nmcli) या नेटवर्क सेटिंगच्या कमांडने व्हीपीएनच्या कनेक्शनमध्ये डीएनएस-सर्चला ऑफिसचं डोमेन दिलं, पुढे टिल्डा (~) लावून. टिल्डा असला की ते नाव फक्त वाट दाखवतं, प्रत्येक अर्धवट नावामागे चिकटत नाही. कनेक्शन तोडून जोडलं, काम झालं. वाय-फायला हातही लावावा लागला नाही.

तपासताना एनएसलुकअपला (nslookup, नावाचा आयपी विचारणारी कमांड) एखादा सर्व्हर हाताने सांगून समाधान मानू नका. तुमचं मशीन तोच वापरतंय असं त्यातून कळत नाही. रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी चालवा, उत्तर कोणत्या लिंकवरून आलं तेही ती छापते. तिथे बरोबर आणि ब्राउझरमध्ये चूक असेल, तर ब्राउझरचा स्वतःचा ‘सिक्युअर डीएनएस’ चालू आहे का बघा. तो या सगळ्या मांडणीला बगल देतो.

आणि लॉजच्या वाय-फायवर लॉगिनचं पान येत नसेल, तर रिसेप्शनवर भांडायच्या आधी हाताने टाकलेला ८.८.८.८ काढून बघा. मी आधी भांडलो होतो.