पंपावरचा आकडा वाचायचा कसा: ९१, ९५, १०० आणि ई२०

मे महिन्यात म्हापशाहून डिचोलीला परतताना स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला थांबले. "दोनशेचं टाका" म्हटलं, मीटर शून्यावर आहे एवढं पाहिलं, पैसे दिले. घरी आल्यावर पावती बघितली तर तिच्यावर प्रीमियम पेट्रोलचं नाव आणि लिटरमागे जास्तीचा दर. मला कुणी विचारलं नव्हतं आणि नोझलवर काय लिहिलंय ते मीही वाचलं नव्हतं. रक्कम मोठी नव्हती, पण ११० सीसीच्या स्कूटरला त्या पेट्रोलचा काडीचा उपयोग नव्हता, हे मात्र डाचत राहिलं. आपल्या गोव्यात घरटी एक तरी दुचाकी आहे. पायलटांचं, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांचं, तर पोटच तिच्यावर चालतं. म्हणून पंपावरचे हे आकडे नीट वाचता यायलाच हवेत.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते

बहुतेकांना वाटतं की ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद किंवा शुद्धता. दोन्ही नाही. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. दाब आणि उष्णता फार झाली तर ज्वाला पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच मेकॅनिक "गाडी नॉक मारते" म्हणतात. पेट्रोल असं अवेळी भडकण्याला किती विरोध करतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. त्याच्या पलीकडे काही नाही.

ही मोजपट्टी १९२६ मधली. अमेरिकेतल्या ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रव निवडले. सहज नॉक न मारणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० गुण आणि चटकन भडकणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं पेट्रोल. त्यात ९१ टक्के ऑक्टेन असतं असं नव्हे. म्हणूनच हा आकडा शंभराच्या वरही जाऊ शकतो. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचा, म्हणजे एका प्रकारच्या अल्कोहोलचा, साधारण १०८ आहे.

एक घोटाळा इथेच मिटवून टाकू. भारतात आणि युरोपात जो आकडा चालतो त्याला आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) म्हणतात. आपल्याकडे सगळे "रॉन" म्हणतात. अमेरिकेतल्या पंपांवर वेगळी सरासरी लिहितात आणि ती चार-पाच अंकांनी कमी येते. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. त्यामुळे अमेरिकन व्हिडिओ पाहून "तिकडे ८७ वर गाड्या चालतात" असं कुणी सांगितलं तर त्यावरून काही ठरवू नका.

पहिलं काम: गाडीला काय लागतं ते शोधा

पंपावर जायच्या आधी घरीच हे करा. गाडीसोबत आलेलं मॅन्युअल काढा आणि इंधनाचं पान उघडा. तिथे "अनलेडेड पेट्रोल, ९१ रॉन किंवा अधिक" अशासारखी ओळ असते. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून बहुधा सापडतं. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतलं स्टिकर बघा. काही गाड्यांवर ऑक्टेन आणि इथेनॉलची मर्यादा दोन्ही तिथे असतात.

"९१" लिहिलं असेल तर विषय संपला, साधं पेट्रोल पुरेसं आहे. ऑफिस-बाजार करणाऱ्या स्कूटर, १००-१२५ सीसीच्या बाईक आणि बिनटर्बोच्या बहुतेक छोट्या गाड्या यातच येतात. "९५" लिहिलं असेल, म्हणजे काही स्पोर्ट्स बाईक किंवा टर्बो पेट्रोल गाड्या, तर तो आकडा पाळायचा. अशा इंजिनात दाब जास्त असतो आणि कमी ऑक्टेन वर्षानुवर्षं घातलं तर पिस्टनला त्रास होतो. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन वाचवतो, पण जोर आणि मायलेज थोडं घटतं. साध्या दुचाकींत हा सेन्सर सहसा नसतो.

उलट बाजूही तितकीच खरी. ९१ वर चालणाऱ्या इंजिनात १०० घातल्याने ते जोरात पळत नाही. जो विरोध त्याला कधी लागतच नाही, त्याचे तुम्ही पैसे भरता. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा दर १६० रुपये लिटर होता.

दुसरं: पंपावरच्या पाट्या

पंपावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ऑक्टेन: एक्सपी ९५, पॉवर ९५, स्पीड ९७, एक्सपी १०० या नावांतला आकडा तोच. दुसरी इथेनॉल: ई२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ९५ आणि ई२० यांची एकमेकांशी तुलना होत नाही. एकाच पेट्रोलला दोन्ही लागू असू शकतात, आणि प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉल असंही नाही.

नावात आकडा नसलेलं प्रीमियम असेल तर "याचा ऑक्टेन किती?" असं सरळ विचारा. काही ब्रँडेड पेट्रोलमध्ये मुख्य फरक ऑक्टेनचा नसतोच. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची काजळी काढणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. ती उपयोगी आहेत, पण तेवढ्यासाठी दर वेळी प्रीमियम भरायला हवं असं मला वाटत नाही.

आणि इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. बीएस-६ या भारतातल्या प्रदूषण-मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागतो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन जास्त असल्याने तो मिसळला की आकडा वर जातो. २० टक्के इथेनॉलमुळे साधं पेट्रोल ९५ पर्यंत पोहोचतं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. म्हणजे साध्या ई२० आणि "९५" वाल्या प्रीमियममध्ये ऑक्टेनचा फरक उरतो तो नाममात्र. माझ्या स्कूटरमध्ये त्या दिवशी जे गेलं त्याचे जास्तीचे पैसे कशाचे, हे मला त्यावरून कळलं.

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटू शकतं, असं निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० सोसतील अशा भागांनी बनतात. तुमची गाडी त्याआधीची असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला रबरी पाइप आणि गॅस्केट मुद्दाम तपासून घ्या.

पत्रादेवीला बांद्या-सावंतवाडीच्या गाड्या टाकी फुल्ल करून जातात, कारण गोव्यात पेट्रोल स्वस्त. स्वस्त म्हणजे हलकं का, असं तिकडचे पाहुणे मला विचारतात. नाही. फरक कराचा आहे. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा लिटरमागे सुमारे ११ रुपये एका झटक्यात उतरले होते. नंतर कर पुन्हा चढला, पण मानक दोन्ही राज्यांत एकच आहे.

तिसरं: गाडी खरंच नॉक मारते का, ते ऐका

केरीहून चोर्ला घाट चढताना हे छान कळतं. चार-पाच जण बसलेत, एसी चालू आहे, तिसऱ्या गिअरमध्ये वेग तीसच्या खाली आला आणि तुम्ही एक्सलरेटर दाबला. अशा वेळी बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा खडखडाट आला तर तो नॉक. लगेच दुसरा गिअर टाका आणि काच खाली करून ऐका. आवाज थांबला तर इंजिनावर भार जास्त होता, इतकंच. दुसऱ्या गिअरमध्येही येत असेल तर पुढच्या वेळी टाकी बरीच खाली गेल्यावर दुसऱ्या पंपावर भरून बघा, आणि त्यानंतर एकदा ९५ किंवा ९७. तरीही गेला नाही तर दोष पेट्रोलचा नसावा. इंजिनात साचलेला कार्बन, चुकीचा प्लग किंवा टायमिंग तपासायला गाडी मेकॅनिककडे न्या.

चौथं: पंपावर काय तपासता येतं

ऑक्टेन पंपावर मोजता येत नाही. त्याला प्रयोगशाळेतलं खास इंजिन लागतं. पण भेसळीचा संशय आला तर फिल्टर पेपर मागा. तो मोफत द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा, मागे डाग राहता कामा नये. डेन्सिटी, म्हणजे घनताही मोजून मागता येते. बीएस-६ पेट्रोलची डेन्सिटी १५ अंश तापमानाला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या मध्ये असते. आपल्याकडे तिशीच्या तापमानात हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) दहा-तेरा अंक कमी दाखवतो, म्हणून तक्ता वापरून १५ अंशांवरचा आकडा काढायला सांगा आणि पंपाच्या त्या दिवसाच्या नोंदीशी ताडून बघा. ३ पेक्षा जास्त फरक असेल तर लेखी तक्रार करा. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा.

पावसाळ्यात

इथेनॉल पाणी ओढतो. थोडं पाणी तो स्वतःत सामावून घेतो, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेलेला असतो, म्हणजे त्याचा ऑक्टेनही खाली येतो, आणि तळातलं पाणी इंजिनात गेलं की गाडी बंद पडते. म्हणून जून ते सप्टेंबर टाकीच्या झाकणाचं रबर शाबूत ठेवा, गाडी उभीच राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि पाणी साचलेल्या पंपावर त्या आठवड्यात भरणं टाळा. किनाऱ्यालगत दुकानांत बाटलीतून मिळणारं पेट्रोल तर घेऊच नका. ते कोणत्या ग्रेडचं, किती दिवसांपूर्वीचं आणि त्यात पाणी किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि घरात-दुकानात ते आगीचा धोका असतो तो वेगळाच.

मी आता पंपावर गाडी थांबवली की आधी नोझलवरचं नाव वाचते, "साधं" असं स्पष्ट सांगते आणि पावती तिथेच उघडून बघते. पेट्रोलचं नाव, दर आणि लिटर तिच्यावर छापलेले असतात. चूक झाली असेल तर पंप सोडायच्या आधी बोलता येतं.