ग्रीक अक्षरांचं निमंत्रण आलं तर

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या एमएसला गेलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरच्या आसपास एक ईमेल येतो. त्यात गुणवंतांच्या एका संस्थेत बोलावणं आल्याबद्दल अभिनंदन असतं, तीन ग्रीक अक्षरं असतात, शुल्काचा आकडा असतो आणि आठ-दहा दिवसांची मुदत असते. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो: हे खरं की पैसे उकळण्याचा धंदा? दोन्ही असू शकतं. खरं-खोटं ओळखायचं तर या संस्था कुठून आल्या, कोणी चालवल्या आणि निवड कशी करतात, हे आधी माहीत हवं.

आधी एक घोळ मिटवून टाकू. अमेरिकन कॅम्पसवर ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या संघटनांचे तीन प्रकार असतात. एकत्र राहणं आणि पार्ट्या हा सोशल फ्रॅटर्निटीचा कारभार. व्यवसायापुरती असते ती प्रोफेशनल फ्रॅटर्निटी. तिसरी ऑनर सोसायटी, जिला जुन्या कागदपत्रांत ऑनर फ्रॅटर्निटीही म्हटलेलं सापडतं. तिथे अर्ज करून जाता येत नाही, गुणवत्ता बघून बोलावणं येतं. घरी सांगताना 'फ्रॅटर्निटीत गेलो' म्हणू नका, आई-बाबांना हॉलिवूडच आठवेल.

उच्चाराचंही बघून ठेवा. आपण गणितात 'बीटा' म्हणतो, तिकडे 'बेटा' म्हणतात. त्यामुळे टाऊ बेटा पाय हे नाव आपल्या कानाला जरा घरगुतीच वाटतं. सिग्मा शी या नावातलं शेवटचं अक्षर तिकडे बहुतेक जण 'झाय' म्हणतात.

या सगळ्यांची आजी म्हणजे फाय बेटा कॅपा. 5 डिसेंबर 1776 रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग इथल्या कॉलेज ऑफ विल्यम अँड मेरीमध्ये पाच विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. जॉन हीथ हा पहिला अध्यक्ष. पुढे विल्यम शॉर्ट अध्यक्ष झाला, जो नंतर थॉमस जेफरसनचा खासगी सचिव म्हणून पॅरिसला गेला. सुरुवातीला हा प्रकार गुप्त होता. हस्तांदोलनाची खास पद्धत, शपथ, मेडल असं सगळं होतं आणि बैठकांत वादविवाद चालत. एलिशा पार्मेली या सदस्याने येल आणि हार्वर्डसाठी सनदा उत्तरेला नेल्या आणि 1780-81 मध्ये तिथे शाखा उभ्या राहिल्या. ही धडपड वेळेवर झाली म्हणायची, कारण 1781 मध्ये ब्रिटिश फौजा जवळ आल्यावर मूळ शाखा बंद पडली. पार्मेली गेला नसता तर संस्था बहुधा तिथेच संपली असती. गुप्तता 1831 मध्ये हार्वर्डच्या शाखेने सोडली. त्या काळात देशभर गुप्त मंडळांविरुद्ध, विशेषतः फ्रीमेसनांविरुद्ध, जनमत तापलेलं होतं. व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने 1875 मध्ये पहिल्यांदा स्त्रियांना सदस्यत्व दिलं.

एमएसवाल्याने यातून घ्यायचा मुद्दा एवढाच की फाय बेटा कॅपा प्रामुख्याने कला आणि मूलभूत विज्ञान शाखांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. काही शाखा इतरांनाही घेतात, पण इंजिनिअरिंगच्या एमएसला तिचं बोलावणं क्वचितच येतं. आलंच तर दोनदा तपासा.

इंजिनिअरांची कहाणी वेगळी. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या लीहाय विद्यापीठात खाणकाम शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड हिगिन्सन विल्यम्स ज्युनिअर हे स्वतः येलमधून फाय बेटा कॅपाचे सदस्य झाले होते. तांत्रिक शाखांतल्या हुशार मुलांना तसा मान नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी एकट्याने आराखडा केला, चिन्ह ठरवलं आणि 1885 मध्ये त्या वर्षीच्या वर्गात पहिला आलेल्या अर्विंग अँड्र्यू हाइक्सला पहिला सदस्य करून घेतलं. हीच टाऊ बेटा पाय. दुसरी शाखा निघायला 1892 उजाडलं, ती आज मिशिगन स्टेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात. म्हणजे सात वर्षं हा खेळ एकाच कॉलेजात चालू होता. चिन्हाला 'बेंट' म्हणतात: रेल्वेच्या लाकडी पुलाला खालून आधार देणारी जी उभी चौकट असते तिचा हा आकार, घड्याळाच्या किल्लीच्या रूपात. कितीतरी इंजिनिअरिंग इमारतींसमोर धातूचा मोठा बेंट उभा दिसतो आणि नव्या सदस्यांना तो घासूनपुसून चकचकीत करायला लावण्याची प्रथा काही ठिकाणी आहे.

संस्थेच्या माजी नेत्यांची यादी वाचताना विद्यार्थी अध्यक्षांची नावं पाठ करत बसतात. आमच्या मते ते चुकीच्या रकान्यात बघतात. अशा संस्था सेक्रेटरी चालवतो. अध्यक्ष बदलत राहतात, पण टाऊ बेटा पायचे सेक्रेटरी आर. सी. मॅथ्यूज 1905 पासून 1947 पर्यंत, म्हणजे 42 वर्षं, त्याच पदावर होते. ते टेनेसी विद्यापीठात शिकवायला गेले आणि म्हणून संस्थेचं मुख्यालय आजही नॉक्सव्हिलला आहे. मुख्यालय तिथेच का, असं कोणी विचारलं तर उत्तर एका माणसाच्या नोकरीत आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. सिग्मा शी 1886 मध्ये कॉर्नेलला सुरू झाली. तिचा भर संशोधनावर, म्हणून थिसिस करणाऱ्यांनी आणि पीएचडीवाल्यांनी तिकडे बघावं. फाय कॅपा फाय 1897 मध्ये मेन विद्यापीठात मार्कस अ‍ॅरन नावाच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने निघाली आणि ती सगळ्या शाखांना खुली आहे. हाच अ‍ॅरन पुढे वकील झाला, क्रॅनबेरीच्या बागा केल्या आणि ओशन स्प्रे ही उत्पादकांची सहकारी संस्था उभी करणाऱ्यांत प्रमुख ठरला. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. इलेक्ट्रिकलवाल्यांची एटा कॅपा नू 28 ऑक्टोबर 1904 रोजी इलिनॉय विद्यापीठात मॉरिस कार आणि इतर नऊ विद्यार्थ्यांनी काढली. 2010 मध्ये ती आयट्रिपलई (IEEE) या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या संघटनेत विलीन झाली. मेकॅनिकलची पाय टाऊ सिग्मा (1915), सिव्हिलची काय एप्सिलॉन (1922) आणि केमिकलची ओमेगा काय एप्सिलॉन (1931) याही इलिनॉयमध्येच जन्मल्या. कॉम्प्युटर सायन्सची उप्सिलॉन पाय एप्सिलॉन त्या मानाने तरुण, 1967 ची, टेक्सस ए अँड एममधली.

निमंत्रण तपासायचं कसं

खऱ्या संस्थेची तुमच्या विद्यापीठात शाखा असते. तिला चॅप्टर म्हणतात आणि तिला एक फॅकल्टी ॲडव्हायझर असतो. आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनांच्या यादीत चॅप्टर शोधा, मग संस्थेच्या स्वतःच्या यादीत. दोन्हीकडे सापडला की ॲडव्हायझरला दोन ओळींचा ईमेल टाका: माझं नाव यंदाच्या यादीत आहे का? ईमेलमधल्या लिंकवरून थेट कार्डाने पैसे भरू नका. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज ही 1925 पासूनची शिखर संस्था आहे आणि तिच्या सदस्यांत नाव असणं ही चांगली खूण. पण नाव नसेल तर संस्था खोटीच, असं मात्र नाही. फाय बेटा कॅपासारखी जुनी संस्थाही त्या यादीबाहेर आहे.

निकष लेखी मागा. टाऊ बेटा पायमध्ये पदवीच्या तिसऱ्या वर्षातले वरचे एक अष्टमांश आणि शेवटच्या वर्षातले वरचे एक पंचमांश विद्यार्थी पात्र ठरतात. एमएसवाल्यांसाठी निम्मा अभ्यासक्रम पूर्ण झालेला हवा, शिवाय वर्गात वरच्या पंचमांशात स्थान किंवा प्राध्यापकाची शिफारस. फाय कॅपा फायला पदव्युत्तर विद्यार्थी वरच्या 10 टक्क्यांतला लागतो. 'तुमच्यात नेतृत्वगुण दिसले' एवढंच लिहिलेलं आणि वर्गातल्या क्रमांकाचा पत्ताच नाही, असं पत्र केराच्या टोपलीत गेलं तरी चालेल.

इथे आपल्याकडची मुलं एका ठिकाणी हमखास चुकतात. एमएस चार सेमिस्टरचं. निम्मा अभ्यासक्रम दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी होतो, म्हणजे खरी संधी तिसऱ्या सेमिस्टरला आणि फार तर चौथ्याला. दीड वर्षात पदवी उरकणाऱ्याला एकच फेरी मिळते. त्यात पहिल्या सेमिस्टरला नव्या पद्धतीशी जुळवून घेताना एखाद्या विषयात 'बी' ग्रेड आली की सरासरी खाली येते आणि ती वर काढायला पुरेसे विषयच उरलेले नसतात. म्हणून सर्वांत अवघड विषय पहिल्याच सेमिस्टरला घेऊ नका.

पात्रता म्हणजे निवड नव्हे. पात्र नावांवर चॅप्टरचे सदस्य मतदान करतात आणि त्यात चारित्र्यही बघितलं जातं. कॉपीच्या प्रकरणात नाव आलेला उत्तम गुणांचा विद्यार्थीही गळू शकतो. मधल्या काळात माहिती-सभा, एखादं समाजकार्य आणि काही चॅप्टरमध्ये संस्थेच्या इतिहासावर छोटी परीक्षा असते. शेवटी इनिशिएशनचा, म्हणजे रीतसर सदस्य करून घेण्याचा, समारंभ. त्याला सहसा प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, म्हणून तारीख कळल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नका.

शुल्काबाबत एकच प्रश्न विचारा: एकदाच की दरवर्षी? टाऊ बेटा पायचं एकदाच असतं, सिग्मा शीची वार्षिक वर्गणी असते. वार्षिक वर्गणी थांबवली तर काय होतं, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

रेझ्युमेवर संस्थेचं पूर्ण नाव, चॅप्टर आणि निवडीचा महिना-वर्ष लिहा, 'ऑनर्स'खाली, अनुभवाखाली नव्हे. भारतातल्या कंपनीला पाठवताना 'वर्गातील वरच्या 20 टक्क्यांतून निवड' यासारखी अर्धी ओळ जोडा, नाहीतर एचआरला ते क्लबाचं नाव वाटतं. पुढे विशेष गुणवत्तेच्या व्हिसासाठी अर्ज करायचा विचार असेल तर यावर भिस्त ठेवू नका. वर्गातल्या क्रमांकावर मिळालेलं सदस्यत्व तिथे सहसा वजनदार पुरावा धरलं जात नाही.

हिस्टोरियनचं पद गळ्यात पडलं तर

हिस्टोरियन म्हणजे चॅप्टरच्या इतिहासाची नोंद ठेवणारा. नव्या सदस्याला बरेचदा हेच पद मिळतं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको असतं. काम एकच सांगितलं जातं: चॅप्टरच्या माजी अध्यक्षांची यादी पूर्ण कर. सोपं वाटतं, पण नसतं.

सुरुवात सह्यांच्या वहीपासून करा. बहुतेक जुन्या चॅप्टरकडे सदस्यांच्या सह्यांची एक जाड वही असते, ॲडव्हायझरच्या कपाटात किंवा विद्यापीठाच्या अभिलेखागारात. तिच्यावरून सदस्य कळतात, पदं कळत नाहीत. पदांसाठी इतिवृत्तं, विद्यापीठाची वार्षिक चित्रपुस्तकं आणि विद्यार्थी वृत्तपत्राचे जुने अंक. अभिलेखागारात जाण्याआधी वेळ ठरवावी लागते. पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या.

प्रत्येक नावाला दोन स्वतंत्र पुरावे शोधा आणि कोणता पुरावा कुठे मिळाला ते त्याच ओळीत लिहा. गोंधळ ठरलेल्या जागी होतात. चित्रपुस्तक वसंतात छापलं जातं, पण निवडणूक कधी वसंतात तर कधी शरदात होते, त्यामुळे अध्यक्षाचं वर्ष एकाने पुढे-मागे सरकतं. '1957' असं नुसतं लिहू नका, '1957-58' लिहा. तारखा महिना-आधी असतात. 10/7 म्हणजे 7 ऑक्टोबर. राष्ट्रीय अध्यक्ष आणि चॅप्टरचा अध्यक्ष या दोघांनाही इंग्रजीत एकच शब्द असल्याने जुन्या बातम्या फसवतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यादी मध्येच तुटली की चॅप्टर बंद होता असं धरून चालणं. नेब्रास्कात 1904 मध्ये निघालेली सिग्मा टाऊ ही इंजिनिअरिंगची दुसरी संस्था 1974 मध्ये टाऊ बेटा पायमध्ये विलीन झाली. तुमचा चॅप्टर मूळचा सिग्मा टाऊचा असेल तर आधीचे अध्यक्ष त्या नावाखाली सापडतील. स्त्रियांचंही तसंच. टाऊ बेटा पायने त्यांना पूर्ण सदस्यत्व 1969 पासून दिलं. त्याआधी पात्र मुलींना नुसता 'विमेन्स बॅज' मिळे, त्यामुळे त्यांची नावं सह्यांच्या वहीत शोधून उपयोग नाही. पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रं बघा, आणि पुढच्या आयुष्यात त्यांचं आडनाव बदललेलं असू शकतं हे लक्षात ठेवा.

ज्या वर्षाचा पुरावा मिळाला नाही ती ओळ रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. तयार यादी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवली तर पदवीनंतर खातं बंद होतं आणि काम बुडतं. ती चॅप्टरच्या सामायिक खात्यावर ठेवा, एक छापील प्रत ॲडव्हायझरकडे द्या आणि एक अभिलेखागारात.