टीका झाली तर उत्तर कसं द्यावं

टीका ऐकल्यावर लगेच सुचलेलं उत्तर देऊ नका. त्या क्षणी मुद्दा दिसत नाही, अपमान दिसतो. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद, हा क्रम बायबलमध्ये याकोब १:१९ मध्ये दिला आहे. समोरासमोर असाल तर "तुमचं ऐकलं, उद्या बोलू" एवढंच म्हणा. लेखी टीका असेल तर एक रात्र जाऊ द्या.

अश्शूरच्या राजाकडून धमकीचं पत्र आलं तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया याने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं (२ राजे १९:१४). तुम्हीही टीका कागदावर जशीच्या तशी उतरवून प्रार्थनेला बसा. आपल्या शब्दांत लिहिली की ती नकळत जास्त कडवट होते. राग आला असेल, लाज वाटत असेल, तर देवाला तसंच सांगा. पण "प्रभू, त्यांना सुधार" इथेच थांबू नका. "माझं मन पारख" हेही मागा (स्तोत्र १३९:२३).

आता त्या कागदावर खुणा करा: खरं, चुकीचं, माहीत नाही. समजा, वाक्य आहे, "तुम्ही नेहमी उशिरा येता, तुम्हाला कोणाची पर्वाच नाही." मागच्या चार सभा आठवा. तीनदा उशीर झाला असेल तर तेवढं खरं. 'नेहमी' ही अतिशयोक्ती, आणि 'पर्वा नाही' हा तुमच्या मनाविषयीचा तर्क. बहुतेक जण या तर्कावरच भांडत बसतात आणि उशीर तसाच राहतो. 'माहीत नाही' या खुणेसाठी तोंडावर खरं सांगणाऱ्या एकाच विश्वासू माणसाला विचारा. पाच जणांना विचारलंत, तर सल्ला बाजूला राहून गट तयार होतो.

उत्तरात खरं आधी कबूल करा: "तीनदा उशीर झाला, तुम्हाला ताटकळावं लागलं. क्षमा करा. पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी येईन." यात 'पण' घालू नका, त्या एका शब्दाने माफी पुसली जाते. आमच्या मते खरं धैर्य इथेच लागतं.

टीका चुकीची असेल तर गप्प बसणं म्हणजेच नम्रता, असं समजू नका. थोबाडीत बसल्यावर येशूने शांतपणे विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर (योहान १८:२३). परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, घरी जेवल्याबद्दल यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याला दोष दिला गेला, तेव्हा त्याने घडलेलं सगळं क्रमाने सांगितलं. सोबत गेलेले सहा भाऊही तिथे होते (प्रेषितांची कृत्ये ११). तुम्हीही काय घडलं, केव्हा, कोणासमोर, एवढंच मांडा. टीकाकाराच्या हेतूवर बोलू नका. ज्याला उत्तर नकोच असतं, त्याला पुन्हा पुन्हा समजावण्यात दिवस घालवू नका. यरुशलेमची भिंत बांधणाऱ्या नहेम्याला विरोधकांकडून चार वेळा बोलावणं आलं, चारही वेळा त्याने एकच उत्तर दिलं आणि भिंतीचं काम चालू ठेवलं (नहेम्या ६:४).

प्रत्येक टीकेला 'सैतानाचा हल्ला' म्हणून झटकणं हे मंडळीत (चर्चमध्ये) वारंवार घडतं. त्यामुळे जवळची माणसं खरं बोलणंच सोडतात. मात्र धमक्या आणि शिवीगाळ म्हणजे टीका नव्हे. ती एकट्याने सोसू नका. मजकूर जपून ठेवा, पाळकांना किंवा मंडळीतल्या वडीलजनांना सांगा, जिवाला धोका वाटला तर पोलिसांकडे जा.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच व्यक्तीला एकांतात गाठून विचारा, "आता काही फरक दिसतो का?"