किल्ली हरवली? शुभवर्तमान उघडा

मुलांना विश्वासाच्या गोष्टी शिकवायला वेगळा तास काढावा लागत नाही. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना देवाच्या वचनांविषयी मुलांशी बोलत राहा, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातच (6:7, म्हणजे अध्याय 6, वचन 7) सांगितलंय.

समजा, घराची किल्ली हरवली. सगळे मोबाइलचा टॉर्च लावून पलंगाखाली वाकलेत आणि ती सापडताच धाकटी आनंदाने ओरडते. त्याच आनंदात लूकच्या शुभवर्तमानातलं 15:8-10 वाचा. दहा नाण्यांपैकी एक हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई, आणि ते सापडल्यावर तिने बोलावलेल्या शेजारणी! मग मुलांनाच विचारा, "देवही आपल्याला असंच शोधत असेल का?" उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या, लागू दे थोडा वेळ. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

ऐन भांडणात मात्र वचन काढू नका, मुलांना ती शिक्षा वाटते. आधी भांडण सोडवा. सूर्य मावळेपर्यंत राग धरू नये, हे इफिस 4:26 मधलं सांगणं संध्याकाळच्या प्रार्थनेत घ्या. आणि त्या दिवशी तुम्हीच विनाकारण ओरडला असाल, तर मुलाची क्षमा आधी तुम्ही मागा.