भिडेपोटी गप्प बसताय? विद्यापीठात काही मागताना या चुका टाळा

अंबाजोगाईहून पहाटेची एसटी धरून मी एकदा छत्रपती संभाजीनगरला सरांना भेटायला गेलो. काम एवढंच, एक शिफारसपत्र मागायचं होतं. अकरापासून केबिनबाहेर बाकावर बसलो. सर दोनदा बाहेर आले, दोनदा विचारलं, "काय रे, काही काम होतं का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "नाही सर, असंच आलतो." संध्याकाळच्या गाडीने परत.

भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. आता मी स्वतः शिकवतो आणि बाकावर दुसरीच पोरं बसलेली दिसतात. त्यांच्या आणि माझ्या चुका साधारण सारख्याच.

आडून मागणं

"सर, त्या फॉर्मचं जरा बघा की." कोणता फॉर्म? कधीपर्यंत? बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पोरगं लाजत उभं असतं आणि मला अंदाज बांधावा लागतो. त्यापेक्षा एका दमात सांगा: "सर, एम.ए. प्रवेशासाठी शिफारसपत्र हवंय, शेवटची तारीख 20 आहे, द्याल का?" सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि तुम्ही काय काय केलंय याचा एक कागद ठेवा. निदान 3 आठवडे आधी या. आदल्या दिवशी मागितलेलं पत्र मिळतं, पण ते कुणाच्याही नावावर खपेल असं असतं.

रोज सकाळी फुलांचं सुप्रभात पाठवून सर एक दिवस आपणहून विचारतील, अशी वाट बघू नका. नाही विचारत.

मामांना सोबत आणणं

प्रत्येकाचा एक मामा असतो आणि त्या मामाची कुणाशी तरी ओळख असते. मग मामा बोलतात, भाचा फरशीकडं बघतो. समोरच्याला ती विनंती वाटत नाही, दबाव वाटतो. मामांना बाहेर चहाला बसवा.

गाइडचा नकार जिव्हारी लावून घेणं

पीएच.डी.च्या उमेदवारांना ही चूक सगळ्यात महागात पडते. एका ठिकाणी "जागा नाही" ऐकलं की आपली लायकीच काढली असं वाटतं, आणि वर्ष तसंच जातं. पण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 संशोधक घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणून भेटायच्या आधीच विभागात विचारा, जागा कुणाकडं रिकामी आहे. नकार आलाच तर तिथंच पुढचा प्रश्न विचारा: "मग या विषयाला कोण योग्य राहील, सर?" नाही म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एखादं नाव हमखास सुचवतो.

हक्काचं असून उपकार म्हणून मागणं

त्याच नियमांत संशोधक महिलांना पूर्ण पीएच.डी.च्या काळात मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. तरी पोरी "मॅडम, जमलं तर" म्हणत दारात उभ्या राहतात. संशोधन सल्लागार समितीपुढं दर सत्राला जावंच लागतं. पुस्तक, उपकरण, क्षेत्रभेट, जे अडलंय ते तिथंच मांडा, नंतर जिन्यात नको.

उत्तरपत्रिकेचंही तसंच. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय, आणि कायद्याने उत्तराची मुदत 30 दिवस आहे. "परत तपासायचं बघा ना" म्हणून खिडकीशी हात जोडायची गरज नाही.

तोंडीच सांगून येणं

अर्ज दोन प्रतींत करा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. क्लार्क "ठेवा, बघतो" म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. पुढच्या वेळी तारीख दाखवून बोलता येतं, आवाज आपोआप सरळ होतो.

आवाज तरीही कापतोच म्हणता? माझाही कापायचा. दुसऱ्या खेपेला मी मागणी चिठ्ठीवर लिहून नेली आणि सरांसमोर ती उघडून चक्क वाचली. त्यांनी चष्मा काढला.

"मागच्या वेळी पण हेच होतं का रे?"


"हो सर."

"मग दिवसभर बसलास कशाला?" म्हणत त्यांनी लेटरहेड पुढं ओढलं.